खिडकीतले नऊ नकाशे

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, भौतिकशास्त्राच्या कपाटात, निळ्या कापडी बांधणीचा एक प्रबंध आहे. त्याच्या एकोणचाळिसाव्या पानावर एक इंग्रजी वाक्य आहे. त्याचा अर्थ असा: तपासलेल्या शहाऐंशी आकृत्यांपैकी एकाही आकृतीत दोन भुजा भिन्न प्रकारच्या आढळल्या नाहीत. वाक्याखाली मोजणी करणाऱ्याची सही आहे. ती सही नत्थूची आहे. नत्थू तेव्हा कॉलेजचा शिपाई. घंटा देणे, वर्गांतले फळे पुसणे, प्राचार्यांच्या घरचा भाजीपाला आणणे ही त्याची कामं. त्याने आयुष्यात एकही आकृती मोजलेली नाही.

मोजल्या त्या खुशाल लांजेवारने. सगळ्या शहाऐंशी. आणि त्यांतल्या नऊ आकृत्यांच्या दोन भुजा त्याला भिन्न आढळल्या होत्या. म्हणून त्याची सही तिथे नाही.

खुशाल कोंढ्याचा. त्याचा बाप गावच्या तलावाचा पाणकर होता, बापानंतर तो झाला. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पाऊस दडी मारतो, तेव्हा तलावाचं तुडूम उघडतात. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं तोंड. तिथून दोन पाट निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी कधी वळवायचं हे पाणकर ठरवतो. कोंढ्याची रीत अशी की पाणी शेपटाकडून द्यायचं. सगळ्यात लांबची बांधी आधी, तोंडाजवळची सगळ्यात शेवटी. तोंडाजवळच्याने आधी घेतलं तर लांबच्याच्या वाट्याला ओलही येत नाही. त्यामुळे तिथे पाटावरचं कुठलंही अंतर शेपटाकडूनच सांगतात. लहान पोरसुद्धा तसंच सांगतं.

मॅट्रिकला तो गणितात पास झाला आणि इंग्रजीत दोनदा नापास. चौऱ्याहत्तर साली तलावांच्या सर्वेक्षणाची एक तुकडी त्या भागात आली. तिच्यात त्याने दोन हंगाम मोजणीची साखळी धरली आणि धरता धरता नकाशावरच्या उंचीच्या रेषा वाचायला शिकला. रेषा दाटल्या की चढ, विरळ झाल्या की सपाट. हे ज्ञान पुढे त्याच्या वाट्याला काय घेऊन येणार होतं, हे तेव्हा कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

कृष्णराव माझे सहकारी, आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवत. पीएच.डी.साठी नाव नोंदवून त्यांना सात वर्षं झाली होती. विषय होता रेडिओ दीर्घिकांचं वर्गीकरण. आपल्या आकाशगंगेसारख्या अगणित दीर्घिका आहेत, त्यांतल्या काहींच्या पोटात काहीतरी प्रचंड घडत असतं आणि तिथून दोन विरुद्ध दिशांना झोत सुटतात; आकृतीत त्या दोन भुजा दिसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, रेडिओ दुर्बिणीला दिसतात. कृष्णरावांनी परदेशी नियतकालिकांत छापलेल्या अशा आकृत्यांच्या नकला मिळवल्या, फोटोवाल्याकडून मोठ्या करून घेतल्या, पुठ्ठ्यावर चिकटवल्या. आता त्या मोजायला माणूस हवा होता. कॉलेजच्या मुलांना रेषा वाचता येत नव्हत्या. सर्वेक्षणातल्या कोणीतरी खुशालचं नाव सांगितलं.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये तो आला. पहिला पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. त्याने वाकून बराच वेळ पाहिलं.

"हा कोनचा तलाव जी, सर?"

कृष्णराव हसले. "तलाव नाही रे. ही दीर्घिका आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाला जायला दहा लाख वर्षं लागतात."

"मंग मोजाले कोन गेलं होतं?"

"कोणी गेलं नाही. इथे बसूनच मोजतात. तिकडून रेडिओच्या लहरी येतात. या रेषा उंचीच्या नाहीत, तेजाच्या आहेत. जिथे रेषा वर वर चढत जातात तिथे तेज जास्त."

"समजलं," खुशाल म्हणाला. "मंधात तुडूम, आन् दोनीकडे पाट."

कृष्णरावांना ही उपमा इतकी आवडली की पुढे दोन वर्षं त्यांनी ती बी.एस्सी.च्या वर्गात स्वतःची म्हणून वापरली.

नियम त्यांनी त्याला नीट समजावून सांगितला. चार वर्षांपूर्वी केंब्रिजच्या दोन संशोधकांनी सत्तावन्न आकृत्या तपासून तो काढला होता. मध्यावरचा ठिपका धरायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची सगळ्यात तेजस्वी ठिकाणं शोधायची. त्या दोन ठिकाणांमधल्या अंतराला आकृतीच्या पूर्ण लांबीने भागायचं. सोयीसाठी एकेक भुजा शंभर धरून केंद्रापासून मोजायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. उत्तर अर्ध्याहून कमी आलं तर पहिला वर्ग, जास्त आलं तर दुसरा. पहिल्या वर्गाचे झोत वाटेत दमतात. त्यांचं तेज केंद्राजवळच, कडेला जाईतो विझत गेलेलं. दुसऱ्या वर्गाचे झोत सरळ टोकापर्यंत जाऊन आदळतात, म्हणून त्यांची टोकंच झगझगीत. आणि त्या दोघांना असंही दिसलं होतं की दुबळ्या दीर्घिका जवळजवळ सगळ्या पहिल्या वर्गात पडतात, बलवान दुसऱ्यात. आकाशातल्या एवढ्या अफाट गोष्टीला एक फूटपट्टी पुरते, याचं खुशालला फार अप्रूप वाटलं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, पण पितळी पट्टी वापरून झाली की तो ती धोतराच्या सोग्याला पुसून ठेवू लागला.

पहिल्या आठवड्यातले बारा पुठ्ठे उलटे आले. जे दुसऱ्या वर्गात जायला हवे होते ते सगळे पहिल्यात.

"अरे, हे काय करून ठेवलंस?" कृष्णराव वैतागले. "टोकाला एवढा तेजस्वी डाग आहे आणि तू शंभरात आठ लिहितोस?"

"शेपटापासून आठच आहे ना जी, सर."

"शेपटापासून कोणी मोजायला सांगितलं?"

 तोंडाकडूनही मोजतात हे खुशालला तोवर ठाऊक नव्हतं. मग त्याने वही ओढून घेतली, थोडा वेळ आकडे जुळवले आणि म्हणाला, "शंभरातून वजा करा जी. तुमचं उत्तर येते." खरंच येत होतं. कृष्णरावांनी तपासून पाहिलं, बाराच्या बारा बरोबर निघाले. चूक होती ती फक्त दिशेची, अंतर एकही चुकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

पुढची तीन वर्षं तो कारध्यात खोली घेऊन राहिला. रोज सायकलने वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यात यायचा. कॉलेजात त्याची नोकरी रोजंदारीची; पण प्रयोगशाळा परिचराची एक जागा मंजूर होणार होती आणि ती त्यालाच देऊ, असा शब्द कृष्णरावांनी दिला होता. या शब्दावर त्याने गावची पाणकरकी सोडली. ती चुलतभाऊ टिकारामकडे गेली. पाणकरकी एकदा दुसऱ्याकडे गेली की गाव ती मागे घेत नाही. म्हणजे परतायची वाट त्याने स्वतःच बुजवली होती, आणि ती जागा मिळणं एवढा एकच आधार त्याला उरला होता.

प्रयोगशाळेत दोन बाकं होती. डाव्या बाकावर पहिल्या वर्गाचा ढीग, उजव्यावर दुसऱ्याचा. ऐंशीच्या हिवाळ्यात खुशालने खिडकीच्या कट्ट्यावर तिसरा ढीग सुरू केला.

"हे काय?" कृष्णरावांनी विचारलं.

"हे दोनीत बसत नाई जी. पाहा. डावा पाट शेपटापर्यंत गेला, शंभरात नव्वद. उजवा तोंडाशीच मुरला, शंभरात वीस."

"मग दोन्ही मिळून सरासरी पंचावन्न. अर्ध्याहून जास्त. दुसरा वर्ग. नियम आहे."

"नियम आहे जी. पन पंचावन्न तं कोनीच नाई याच्यात. एक नव्वद आहे, एक वीस आहे."

 कृष्णरावांनी पुठ्ठा उजेडात धरला, आणि मला अजून वाटतं की त्या क्षणी त्यांना तेच दिसलं जे खुशालला दिसत होतं. मग त्यांनी तो खाली ठेवला. "एकाच केंद्रातून निघालेले दोन झोत वेगळे कसे असतील? केंद्राचं बळ एकच. दुर्बिणीचा दोष असेल. छपाईचा असेल."

"केंद्राचं बळ एकच. पन जमीन?" खुशाल म्हणाला. "आमच्याकडे एकाच तुडुमाचे दोन पाट राहतात. एक कन्हारातून जाते, काळ्या मातीतून, तो पोचते. दुसरा सिहारातून, ते रेताड माती अर्ध्यातच पानी पिऊन टाकते. तुडुमाचा काय दोष त्याच्यात?"

"आकाशात माती नसते, खुशाल."

"नसंल जी. मी नाई पाह्यलो."

एक्क्याऐंशी संपेपर्यंत खिडकीतला ढीग नऊ पुठ्ठ्यांचा झाला. खुशालने ते नऊही पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले, एकदा कागद उलटा धरून मोजले. वहीत प्रत्येक भुजेचा आकडा वेगळा लिहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हे वाचून कोणी खुशालला खेड्यात दडलेला थोर शास्त्रज्ञ वगैरे ठरवेल आणि सुस्कारा टाकून मोकळा होईल. तो शास्त्रज्ञ नव्हता. त्या नऊ आकृत्या कदाचित छपाईनेच बिघडल्या असतील. त्याचं मातीचं म्हणणं कदाचित साफ चुकीचं असेल. मला कळत नाही आणि तो मुद्दाही नाही. मुद्दा एवढाच आहे की त्याला नऊ आढळल्या होत्या, आणि त्याच्यापुढे कागद आला 'एकही आढळली नाही' असा.

तो कागद ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत आला. कृष्णरावांच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका निष्कर्षावर उभा होता: वर्ग ठरतो तो केंद्राच्या बळावर, दुसऱ्या कशावर नाही. खिडकीतला ढीग त्या निष्कर्षाच्या मुळावर येत होता. त्यांनी टंकलिखित पान खुशालपुढे सरकवलं आणि इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला. सांगितला हे त्यांचं मोठेपण की निष्काळजीपणा, मला ठरवता आलेलं नाही. न सांगता सही घेतली असती तर त्याने केलीही असती.

"सर, नऊ आहेत ना."

"त्या दोषी आकृत्या आहेत."

"मंग तसंच लिवा ना जी. नऊ कागद दोषी निघाले म्हनून लिवा. मी आत्ता करतो सही."

"तसं लिहिलं की परीक्षक त्या नऊच मागतील. नाव नोंदवून अकरा वर्षं झाली मला, खुशाल. परिचराच्या जागेचा ठरावही याच महिन्यात आहे. दोन्ही कामं एकदम होऊन जाऊ दे."

खुशालने पेन हातात घेतलं होतं, असं नत्थू सांगतो. मग त्याने टोपण लावलं. "सर, मी पाह्यलो नसतो तं केली असती," एवढं बोलून तो सायकल घेऊन निघून गेला.

घरी धुरपता, त्याची बायको, भात गाळत होती. तिने त्याला धीर दिला, त्याच्या प्रामाणिकपणाने तिचा ऊर भरून आला, असं लिहिणं सोपं आहे. तसं झालं नाही.

"नऊ कागद," ती म्हणाली. "नऊ कागदासाठी तुमी पक्की नोकरी सोडून आले?"

"कागदासाठी नाई."

"मंग कायसाठी? ते चांदन्या का तुमच्या आत्याच्या घरच्या आहेत? त्यायले मालूम आहे का तुमी त्यायच्यासाठी भांडून राहिले म्हनून?"

खुशाल हातपाय धुवायला मोरीकडे वळला.

"टिकारामच्या दारात आता मी जानार नाई आपल्या बांधीसाठी पानी मांगाले. तुमी जा. नव्वद आन् वीस सांगा त्याले."

 दुसऱ्या दिवशी मात्र तिने त्याचा डबा नेहमीसारखा भरला आणि म्हणाली, "माफी मांगाची असंल तं मांगा. नसंल तं नका मांगू. पन तोंड पाडून फिरू नका, मले सहन होत नाई."

त्याने माफी मागितली नाही. आठवडाभर तो येऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राही आणि कुलूप पाहून परत जाई. ठराव झाला. परिचराची जागा नत्थूला मिळाली. त्याच दिवशी नत्थूने सही केली.

"कायले केली गा तू?" खुशालने त्याला सायकल स्टँडवर गाठून विचारलं. ओरडून नाही, सरळ विचारलं.

"साहेबानं पान देल्लं, म्या केली. मले का वाचता येते?" नत्थू म्हणाला. "तू नाई केला म्हनून मले भेटली जागा, खुशालभाऊ. तुया पाया पडतो. पन आता ते मांगू नको वापस."

नत्थूवर मला राग धरता येत नाही. तीन पोरींचा बाप होता तो. राग आमच्यावर आहे, स्टाफरूममधल्या आम्हा चौदा सुशिक्षितांवर. कृष्णरावांनी तिथे बसून ती बारा पुठ्ठ्यांची जुनी हकीकत सांगितली. पाणकराने आकाश शेपटीकडून मोजलं, म्हणाले. त्यांनी नक्कल चांगली केली. आम्ही हसलो. हसताना आमच्यातल्या निदान चौघांना पूर्ण ठाऊक होतं की त्या बारांची अंतरं बरोबर होती, आणि निदान दोघांनी खिडकीतला ढीग डोळ्यांनी पाहिला होता. खुशालला जे सेवेचं प्रमाणपत्र दिलं त्यात शब्द आले: 'मोजणीच्या कामाची मूलभूत समज नसल्याने कमी करण्यात आले.' तीन वर्षं आठ महिने बिनचूक मोजणाऱ्या माणसाला. हे प्रमाणपत्र घेऊन तो सर्वेक्षणाच्या कचेरीत गेला, तिथल्या बाबूने ते वाचलं आणि घडी घालून परत दिलं. साखळी धरायचं कामही त्या कागदाने त्याच्यापासून हिरावलं.

मग तो लाखांदूरला एका धानाच्या गिरणीत पोती उचलू लागला.

त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात कृष्णरावांची मौखिक परीक्षा होती. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं, असा नियमच आहे. आमच्यातले पाचसहा जण हौसेने गेले होते. खुशाल पहाटेची एस.टी. पकडून आला आणि मागच्या बाकावर बसला. धुतलेला सदरा, काखेत वही. कृष्णरावांनी त्याला पाहिलं, त्यांचा खडू एकदा मोडला, मग त्यांनी छान विवेचन केलं. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातून आलेले, पांढऱ्या केसांचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे श्रोत्यांना विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का.

खुशाल उभा राहिला.

"मी मोजलो होतो जी हे कागद. शहाऐंशी. त्यातले नऊ तसे नोते. ते नऊ कुठं आहेत, हे विचाराचं आहे."

खोलीत कोणीतरी खुर्ची हलवली. परीक्षकांनी कृष्णरावांकडे पाहिलं. कृष्णराव इंग्रजीत म्हणाले की हा कॉलेजने कमी केलेला रोजंदारीवरचा माणूस आहे, मन दुखावलेलं आहे, त्याच्या मोजणीत दिशेच्या गंभीर चुका सापडल्या होत्या. परीक्षकांनी प्रबंध उघडला, एकोणचाळिसावं पान काढलं, सहीवर बोट ठेवलं.

"आपलं नाव?"

"खुशाल लांजेवार."

"इथे दुसरं नाव आहे."

"हो जी. म्हनूनच तं आलो."

त्याने वही पुढे धरली. ती घ्यायला कोणीही हात पुढे केला नाही. परीक्षक म्हणाले की नोंद घेतली आहे, आणि कार्यक्रम संपला. अर्ध्या तासाने कृष्णराव डॉक्टर झाले. पेढे वाटले गेले. मीही एक घेतला.

परीक्षक जायला निघाले तेव्हा खुशाल व्हरांड्यात उभाच होता. ते त्याच्याजवळ आपणहून थांबले, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी वही मागितली, उभ्या उभ्या चाळली, नऊपैकी तीनचार पानं नीट वाचली. एका आकड्यावर त्यांची मान नकळत हलली. त्यांनी वही परत दिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं म्हणणं खरंही असेल," ते अगदी हळू म्हणाले. "पण अशा गोष्टी अशा ठिकाणी बोलायच्या नसतात."

"मंग कुठं बोलाच्या जी, साहेब?" खुशालने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखर पत्ता हवा होता. "सांगा, तिथं जातो. आज गिरनीतून सुट्टी घेतली आहे."

साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत खुशाल उत्तराची वाट पाहत उभा राहिला, आणि गेल्यावरही थोडा वेळ.